अकरा झाकणं पाणी

१

बुधवारी दुपारी माझ्या पडद्यावर एक ओळ लाल झाली.

बाजार-पाहणी करणाऱ्या एका ऑफिसात मी प्रश्नावल्यांचे प्रोग्राम लिहितो. मुलाखती घेणारी माणसं टॅब घेऊन घरोघर जातात. कोणता प्रश्न कोणाला विचारायचा, कोणाला गाळायचा, पर्याय कोणत्या क्रमाने दाखवायचे, हे त्या टॅबमध्ये मी बसवलेलं असतं. एक मुलाखत बावीस मिनिटांत उरकते. दोन तासांवर उघडी राहिली की ओळ लाल होते. ही ओळ पहिल्याच प्रश्नावर अडकली होती : दार उघडलं का?

टॅब माझ्या बायकोचा होता.

बुधवारी तिची सुट्टी असते. शिवाय त्या घराची मुलाखत आधीच जमा झालेली दिसत होती. एका घराची दोनदा नोंद होऊ नये अशी सोय मीच करून ठेवली आहे. म्हणजे चूक माझ्या प्रोग्राममध्ये, असं मी धरलं. तिला फोन करायचं सुचलं नाही. मी आणखी एक तास दहा मिनिटं चूक शोधत बसलो.

सव्वाचारला फोन आला. एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर ती पडलेली सापडली होती. फोन फुटला होता, टॅब शाबूत होता. समोरच्या दाराला कुलूप होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला, बहुतेक पडताक्षणीच गेल्या. आमच्या धंद्यात 'बहुतेक'ला आकडा लावतात. मी डॉक्टरांना आकडा विचारला नाही.

प्रोग्राममध्ये चूक नव्हती. मग सुट्टीच्या दिवशी, झालेल्या घरासमोर, ती काय करत होती?

२

तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी, मी कामावर गेलो. टेबलाशी पोचायच्या आत आमच्या ऑफिसच्या प्रमुख, मॅडमनी, आत बोलावलं. खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं. इतकी सरबराई बघून मला वाटलं, माझी नोकरी जाणार.

नोकरीचं नव्हतं. शेजारी फील्ड सुपरवायझर उभा होता. त्याला सगळे मागे 'मोजपट्टी' म्हणतात, कारण तो माणसाला भेटला की आधी आकडा विचारतो, मग तब्येत. त्याच्या हातात कागद होता. उन्हाळ्यात लोक काय पितात, किती पितात, याची पाहणी चालू होती. माझ्या बायकोने सहा आठवड्यांत एकशे ऐंशी मुलाखती दिल्या होत्या. फोनवर पडताळणी केली तेव्हा त्यातल्या बेचाळीस खोट्या निघाल्या.

मी म्हणालो, शक्य नाही. असं प्रत्येक जण म्हणत असणार, हे मला म्हणता म्हणताच कळलं.

आमच्याकडे घर निवडायची पद्धत ठरलेली आहे. नकाशावर चिठ्ठी टाकून सुरुवातीची जागा काढायची, तिथून भिंत डाव्या हाताला ठेवून चालायचं आणि दर पाचवं दार वाजवायचं. घरात ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येणार असेल त्यालाच प्रश्न विचारायचे. माणूस नसेल तर पुन्हा जायचं, वेगळ्या वेळी, तीनदा. शेजारचं दार उघडं आहे, बाई हसून या म्हणतेय, म्हणून तिथे शिरायचं नाही. ऑफिसातल्या अर्ध्या लोकांना हे माझ्या बायकोने शिकवलं होतं. नव्या पोरींना ती पहिल्याच दिवशी सांगायची, "सोपं दार घ्यायचं नाही. सोपी माणसं सगळीकडे सारखीच असतात."

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या की शुक्रवारी ग्राहक कंपनीला अहवाल जाणार, आणि खोट्या मुलाखती देणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव घालावं लागेल. ही यादी शहरातल्या सगळ्या पाहणी कंपन्यांकडे फिरते. तिच्या बाकीच्या एकशे अडतीस मुलाखतीही फेकल्या जातील.

"ती तर आता कुठे कामाला जाणार नाही," मी म्हणालो. "मग नाव कशाला?"

मोजपट्टी म्हणाला, "बोट सडलंय की हात, बेचाळीसच खोट्या की सगळ्याच, हे आता विचारायचं कोणाला?"

मी शुक्रवारपर्यंत मुदत मागितली. मॅडमनी दिली. बाहेर पडताना पाहिलं, मोजपट्टी हातातल्या कागदाची पुन्हा पुन्हा घडी घालून उलगडत होता.

३

माझ्याकडे माणसं नव्हती, पण नोंदी होत्या. एकेक मुलाखत किती वाजता सुरू झाली, कोणत्या प्रश्नाला किती सेकंद लागले, सगळं साठवलेलं असतं.

बेचाळीसच्या बेचाळीस मुलाखती मंगळवारी किंवा शनिवारी झाल्या होत्या. सगळ्या सकाळी दहा ते दुपारी दोनच्या मध्ये. आणि सगळ्यांत जागेचा रकाना रिकामा. टॅब कुठे होता ते टॅबलाच कळलं नव्हतं. मोजपट्टीचं म्हणणं, तिने ते मुद्दाम बंद केलं. पण ते बंद करता येत नाही. मीच कुलूप लावून ठेवलंय. उपग्रह दिसत नाही अशाच जागी टॅब आंधळा होतो.

मग मी खोटेपणाची खरी परीक्षा घेतली. घरी बसून मुलाखत भरणारा माणूस प्रश्न वाचत नाही, भराभर बोट मारत सुटतो. पर्यायांचा क्रम प्रत्येक मुलाखतीत बदलतो, पण बोटाची सवय बदलत नाही. ते पडद्यावर त्याच त्याच जागी पडतं. प्रत्येक मुलाखतीचा क्रम माझ्याकडे साठवलेला होता. मी बेचाळीस पडदे पुन्हा मांडले आणि बोट कुठे कुठे पडलं ते पाहिलं. ते सगळीकडे पडलं होतं. म्हाताऱ्या माणसांना वेळ जास्त लागला होता, तरुणांना कमी.

उत्तरं खरी होती, माणसंही खरी होती. फक्त ती त्या दारांमागे राहत नव्हती.

घरी आलो. जेवून बाटलीच्या झाकणाने दोन झाकणं पाणी प्यायलो आणि आडवा झालो. लहानपणी आम्हा दोघा भावांनी रात्री गादी ओली करू नये म्हणून आई पाणी झाकणाने मोजून द्यायची. दोन झाकणं, बस्स. सवय गेली नाही. बायको म्हणायची, "अहो, पन्नाशी ओलांडली, आता ओली केलीत तर मी धुईन, पण पोटभर पाणी प्या."

त्या रात्री मला एवढंच वाटत होतं, की तिचा टॅब दुसऱ्याच कोणीतरी वापरला.

४

दुसरं कोणी असलं तर ती चिमणीच असणार. चिमणी म्हणजे बायकोची जोडीदारीण. गल्लीची एक बाजू हिची, एक तिची. बोलायला लागली की थांबत नाही म्हणून ते नाव.

मंगळवारी सकाळी मी तिला गल्लीच्या तोंडाशी गाठलं. टॅब कोणाला दिला होता का, असं विचारलं तर म्हणाली, तो ती कोणाला हातसुद्धा लावू देत नव्हती. मंगळवार-शनिवारबद्दल विचारलं तेव्हा ती बुटाकडे बघायला लागली.

मी म्हणालो, शुक्रवारी तिचं नाव यादीत जाईल. मग चिमणीने सांगितलं. या दोन दिवशी साडेनऊला माझी बायको उलट दिशेची बस पकडायची. अडीचला परत यायची. कुठे जाते ते तिने सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही. बाकीच्या दिवशी मात्र दिवे लागले तरी दारं वाजवत असायची.

"पिशवीत डबा असायचा, भाऊ. एका माणसापुरता. एकदा मी त्यातली भाजी चाखली. म्हटलं, बाई, मीठ विसरलीस. तर म्हणाली, विसरले नाही."

आमच्या घरी कोणी अळणी जेवत नाही.

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. एका माणसापुरता डबा. मी तिथेच कोणाच्या तरी पायरीवर बसलो. चिमणी म्हणाली, "भाऊ, भलतं काही मनात आणू नका." पण ते येऊन गेलं होतं.

५

ऑफिसात मोजपट्टीने मला जिन्यात अडवलं. कोणी पाहत नाही असं बघून म्हणाला की त्याला काही सांगायचंय. दर मुलाखतकाराबरोबर दोनदा फिरून तपासणी करायची असा त्याला नियम आहे. माझ्या बायकोच्या तपासणीच्या दोन्ही फॉर्मवर त्याची सही होती, आणि दोन्ही तारखा मंगळवारच्या.

"तुम्ही गेलाच नव्हता," मी म्हणालो.

"तिच्या कामात काय तपासायचं? मला तिनेच शिकवलं." तो भिंतीकडे बघत होता. "ती खोटी ठरली तर माझी सही फसवली गेली. ती खरी ठरली तर माझी सही खोटी."

तो कागदाच्या घड्या का घालत होता ते कळलं. पण त्यावरून ती कुठे जायची ते कळलं नाही. त्याला माहीतच नव्हतं.

राहिले फोनकाका. निवृत्त मास्तर, कोपऱ्यात बसून पडताळणीचे फोन करतात. ते लोकांशी बोलले होते. मला थेट त्या लोकांना फोन करता येत नव्हता, कारण पडताळणी झाली की नंबर पुसले जातात. लोकांची खासगी माहिती राहू नये म्हणून ती सोय. तीही मीच केलेली.

काकांनी वही काढली. बेचाळीसपैकी अडतीस जणांनी फोन उचलला होता. आणि अडतीस जण म्हणाले होते, हो, एका बाईंनी प्रश्न विचारले होते.

"मग खोट्या कशा?"

"पत्ता जुळेना. कोणी उत्तरेला राहतो, कोणी नदीपलीकडे. तुमच्या फॉर्मवर दोनच चौकोन आहेत, खरी आणि खोटी. तिसरा द्या, मी तिसऱ्यावर टिचकी मारतो." मग चष्मा काढून म्हणाले, "एक सांगू का? त्यातले कितीतरी जण मलाच उलटा प्रश्न विचारत होते. म्हणे, त्या बाई आता येत का नाहीत?"

एकदा प्रश्न विचारून गेलेल्या बाईची कोणी वाट बघत नाही. ही माणसं तिला आठवड्यातून दोनदा भेटत होती.

६

बुधवारी मॅडमनी एक आलेख दाखवला. त्यांच्या मते हाच शेवटचा पुरावा. काल दिवसभरात किती पेले पाणी प्यायलात, या प्रश्नाला आमच्या पाहणीत सरासरी उत्तर होतं नऊ. या बेचाळीस मुलाखतींतही थोडी माणसं आठ-नऊ पेले म्हणणारी होती, पण सव्वीस जणांचं उत्तर होतं दोन किंवा अडीच. ऐन उन्हाळ्यात.

"एकाच माणसाने मनाने भरलंय, दुसरं काय," त्या म्हणाल्या.

मी टेबलाशी येऊन आलेखाकडे बघत बसलो. मनाने भरणारा माणूस सात-आठ-नऊ लिहितो, कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही असं. उन्हाळ्यात दोन पेले पाणी कोण पितो? ज्याला जास्त प्यायची बंदी आहे तो. मीठही बंद असतं त्याला. आठवड्यातून ठरलेले दोन दिवस, प्रत्येकी चार तास, उपग्रह न दिसणाऱ्या जागी बसावं लागतं त्याला. पाणी कमी पिणारे ते रुग्ण, आणि नऊ पेलेवाले ते त्यांच्यासोबत बाकावर बसलेले.

ती डायलिसिसच्या खोलीत बसत होती.

म्हणजे ती आजारी होती? मी ताडकन उठलो आणि तसाच खाली बसलो. दोन्ही हात रोज दिसायचे, सुईची खूण कधी नव्हती. शिवाय अळणी डबा ती स्वतःला बांधून बसने कशाला नेईल?

मग मी बेचाळीस मुलाखती एकेक उघडल्या. सत्ताविसाव्या क्रमांकाच्या नोंदीत, पाण्याच्या प्रश्नाला, पेल्यांचा आकडा नव्हता. 'इतर' या चौकोनात तिने हाताने लिहिलं होतं :

अकरा झाकणं.

७

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. लग्न केलं नाही, आईजवळ राहिला. नऊ वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा त्याने मला दुसऱ्या दिवशी कळवलं. म्हणाला, तू कामासाठी लांब गेला होतास, रात्रीचा धावत सुटला असतास. मी पोचलो तेव्हा घरात आई नव्हती. मी दादाला सगळ्यांसमोर म्हणालो, तू मला मेलास. तेव्हापासून बोललो नव्हतो.

बायको वर्षातून एकदा विषय काढायची. मी ताटावरून उठायचो. पुढे तिने काढणं सोडलं.

सत्ताविसाव्या नोंदीच्या शेवटी नेहमीचा प्रश्न होता, 'आणखी काही सांगायचं आहे का?' त्याखाली लिहिलं होतं : "धाकट्याला कळवू नकोस. मी तेव्हा वेळेवर कळवलं नाही, आता कोणत्या तोंडाने कळवू?"

मुलाखत म्हणजे मुलाखत. सांगणाऱ्याचे शब्द बदलायचे नाहीत, असं ती शिकवायची.

आता एकच कोडं उरलं होतं. दादाजवळ बसायचं होतं तर बसावं, तिथे मुलाखती कशाला घ्यायच्या? त्याचं उत्तर माझ्या समोरच होतं, माझा पडदा. तिचा आकडा तासातासाला माझ्यापुढे येतो. दहा ते दोन आकडा हलला नसता तर संध्याकाळी मी विचारलं असतं, काय गं, आज कुठे होतीस? खोटं बोलणं तिला जमत नव्हतं. मी विचारूच नये, म्हणून तिने आकडा चालता ठेवला.

बावीस वर्षांच्या संसारात माझी हीच एक नजर तिला चुकवावी लागली.

पण दार बदलायचं नाही असं सांगणारी ती बेचाळीस दारं बदलून स्वस्थ बसली असेल, हे मला पटत नव्हतं. आणि त्या बुधवारचा तिसरा मजला अजून सुटला नव्हता.

८

हॉस्पिटलने दिलेली तिची पिशवी मी कपाटात ठेवली होती. गुरुवारी ती काढली आणि टॅब चार्जिंगला लावला.

टॅबमध्ये एकोणतीस मुलाखती अडकून पडल्या होत्या. पत्ते तेच, त्या बेचाळीस घरांपैकी. नोंदी संध्याकाळच्या, नाहीतर बुधवारच्या. या वेळी जागेचा रकाना भरलेला होता. बरोबर गल्ली, बरोबर दार. प्रत्येकीवर एकच सूचना होती : 'या घराची नोंद आधीच आहे, जमा करता येत नाही.' तिने बदललेली दारं ती एकेक करून पुन्हा वाजवत होती. सोबत एक छोटी वही होती. त्यात बेचाळीस दारांचे नंबर, एकोणतिसांवर फुली, आणि खाली लिहिलेलं : "सगळी झाली की यांना सांगायचं. जुन्या काढून या घाला म्हणायचं. रागावतील. रागावू देत. मग दादांचंही सांगायचं."

तिसऱ्या मजल्यावरचं दार तिसावं होतं.

शुक्रवारी मी मॅडमसमोर टॅब ठेवला आणि घडलं ते क्रमाने सांगितलं. मोजपट्टीने मध्येच स्वतःच्या सहीचं कबूल केलं. मला ती अपेक्षा नव्हती. मॅडमनी बराच वेळ वही पाहिली. त्या म्हणाल्या की नियम मोडला तो मोडलाच, दवाखान्यातल्या बेचाळीस मुलाखती काढाव्या लागतील. त्या पुसायचा हुकूम संगणकाला मी स्वतः दिला. सत्ताविसावीही गेली. तिच्या एकोणतीस आणि आधीच्या एकशे अडतीस राहिल्या. नाव यादीत गेलं नाही. अहवालाला तीन आठवडे वाढवून घेतले. उरलेली तेरा दारं कोण करणार, असं मॅडमनी विचारलं तेव्हा मी हात वर केला. मी आयुष्यात एकही मुलाखत घेतली नव्हती.

चिमणी पहिल्या दिवशी सोबत आली. म्हणाली, "भाऊ, प्रोग्राम लिहिणं सोपं, दारात उभं राहून हसणं अवघड." खरं आहे. एका बाईने मला नळदुरुस्तीवाला समजून आत घेतलं. मी नळही पाहून दिला.

शनिवारी मी उलट दिशेची बस पकडली. त्या मार्गावर डायलिसिसचं हॉस्पिटल एकच आहे, चौथ्या थांब्यावर. डायलिसिसची खोली तळघरात, क्ष-किरणांच्या खोलीशेजारी, भिंती जाड. बाहेर बाकावर एक म्हातारी बसली होती. तिने मला विचारलं, तुम्ही कोणाचे? मी दाराकडे वळलो. दाराला काच होती. दादा तिसऱ्या पलंगावर होता, खूप बारीक झालेला. उशाशी पाण्याची बाटली, तिच्यावर झाकण उलटं ठेवलेलं. आई ठेवायची तसं. पलंगाशेजारी एक रिकामी खुर्ची होती. आत आलेल्या नर्सच्या पाठीमागे कोणी आहे का, हे तो मान वळवून बघत होता.

आई गेल्यावर एक दिवस उशिरा कळवलं म्हणून मी त्याच्याशी नऊ वर्षं बोललो नाही. आता मीच त्याला कळवायचंय. मी काचेशी किती वेळ उभा होतो माहीत नाही. मग जिना चढून वर आलो.

त्यानंतर दोनदा गेलो. दोन्ही वेळा बाकापर्यंत.

तेरापैकी नऊ दारं झाली आहेत. चार राहिली आहेत, त्यात तिसऱ्या मजल्यावरचं आहे. तिला जाऊन पाच आठवडे झाले. दादाला अजून कळवलेलं नाही.